पुठ्ठ्याची शोभिवंत पेटी : शास्त्र आणि कारागिरी

बांगड्या, शिवणकामाचे साहित्य, जुनी पत्रे किंवा छायाचित्रे ठेवण्यासाठी पुठ्ठ्यापासून हाताने घडवलेली पेटी दिसायला साधी असली, तरी तिच्या घडणीत कागदाच्या तंतूंचे विज्ञान, शालेय भूमिती, पुस्तकबांधणीची परंपरा आणि अलंकरणाची दृष्टी अशा चार गोष्टी एकत्र आलेल्या असतात. अशा पेटीचे सौंदर्य तिच्यावर लावलेल्या कापडात, जरीत किंवा रंगात असते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात पेटी किती वर्षे टिकेल, झाकण नीट बसेल की नाही आणि भिंती सरळ राहतील की बाक घेतील, हे सारे सजावटीला हात लागण्यापूर्वीच, म्हणजे पुठ्ठा निवडताना, मापे काढताना आणि पहिला कागद चिकटवताना ठरून गेलेले असते. ही पूर्वतयारी समजून घेतली, तर टाकून दिलेल्या खोक्यापासूनही दुकानातील पेटीच्या तोडीची वस्तू घरी करता येते.

विश्रामबाग परिसर आणि खोक्यांची उपलब्धता

सांगली आणि मिरज या दोन शहरांच्या मध्ये वसलेले विश्रामबाग हे उपनगर १९१९ साली स्थापन झालेल्या विलिंग्डन महाविद्यालयामुळे आणि १९४७ पासूनच्या अभियांत्रिकी महाविद्यालयामुळे, म्हणजे आजच्या वालचंद महाविद्यालयामुळे, शिक्षणाचे केंद्र म्हणून ओळखले जाते. त्याच्या सभोवतालचा प्रदेश मात्र शेतमालाच्या व्यापाराचा आहे. तासगाव आणि मिरज तालुक्यांतील द्राक्षे नालीदार पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरून दूरदूरच्या बाजारपेठांत जातात. त्याच द्राक्षांपासून होणारा बेदाणाही सामान्यतः पंधरा किलोच्या खोक्यांत भरला जातो, शीतगृहांत थप्पी लावून ठेवला जातो आणि सौद्यासाठी बाजारात येतो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली आणि हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. या व्यापारामुळे मजबूत पुठ्ठ्याची खोकी या भागात सहज मिळतात आणि एकदा माल उतरला, की त्यांतील बरीचशी रद्दीत जातात.

माल साठवण्याच्या विचाराचीही या भागाला जुनी परंपरा आहे. सांगलीजवळच्या हरिपूर येथे हळद जमिनीखालच्या पेवांत, म्हणजे मातीत खोदलेल्या खोल साठवण-खड्ड्यांत, ठेवली जात असे. तेथील मातीच्या गुणामुळे आणि पेवाचे तोंड बंद केल्यामुळे हळदीला कीड लागत नसे. वस्तूला ओल, कीड आणि धूळ यांपासून वाचवणे हे कोणत्याही साठवणीचे मूळ प्रयोजन असते, मग ते पेव असो वा पेटी. शोभा ही या प्रयोजनाला धरून यावी लागते, त्याच्या जागी नव्हे.

मराठी घरातील पेट्यांची परंपरा

मराठी घरांत विशिष्ट वस्तूसाठी विशिष्ट पात्र असण्याची प्रथा पूर्वापार आहे. कुंकवासाठी करंडा असे, विड्याच्या साहित्यासाठी पानदान असे, तर आरसा, फणी, कुंकू आणि मेण एकत्र ठेवण्यासाठी फणेरपेटी असे. फणेरपेटी हा या परंपरेतील सर्वांत बोलका नमुना होय, कारण तिच्या आतील कप्पे आत ठेवायच्या वस्तूंच्या मापानुसार पाडलेले असत आणि झाकणाच्या आतील बाजूस आरसा बसवलेला असे. सावंतवाडीच्या गंजिफा या गोल पत्त्यांच्या खेळासाठीही चित्रे काढलेली लाकडी पेटी केली जाते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे प्रत्येकी बारा असे एकशे वीस पत्ते असतात आणि पेटीचे माप त्या पत्त्यांच्या व्यासावरून व थराच्या उंचीवरून ठरते. सावंतवाडीच्या भोसले राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या मावळत्या कलेला पुन्हा उभे केले.

पुठ्ठ्याच्या पेट्या या परंपरेत नंतर आल्या, पण त्यांनी आपली जागा पक्की केली आहे. लग्नातील रुखवतात, म्हणजे वधूपक्षाकडून मांडल्या जाणाऱ्या खाद्यपदार्थांच्या व हस्तकलेच्या वस्तूंच्या मांडणीत, साडी, दागिने किंवा सुकामेवा ठेवण्यासाठी केलेल्या शोभिवंत पेट्या आवर्जून असतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून छोट्या डब्या दिल्या जातात. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीच्या वस्तूंवर निर्बंध आणल्यानंतर गणेशोत्सवातील मखरांसाठीही पुठ्ठ्याकडे अधिक लक्ष गेले आणि घडी घालून वर्षभर ठेवता येणारी पुठ्ठ्याची मखरे अनेक घरांत आली.

नालीदार पुठ्ठ्याची रचना

पेटीसाठी वापरल्या जाणाऱ्या पुठ्ठ्याचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार मिठाईच्या किंवा औषधांच्या खोक्यांचा पातळ पुठ्ठा हा होय. त्याची एक बाजू पांढरी, गुळगुळीत आणि दुसरी राखाडी असते. तो दुमडण्यास सोपा असला तरी भार पेलण्यास कमी पडतो. दुसरा प्रकार वह्या-पुस्तकांच्या बांधणीत वापरला जाणारा राखाडी, घट्ट व भरीव पुठ्ठा. तो वजनदार आणि टणक असतो व त्याच्या कडा धारदार येतात. तिसरा प्रकार नालीदार पुठ्ठ्याचा. दोन सपाट कागदांच्या मध्ये लाटांसारखा वळवलेला कागद चिकटवून तो तयार केलेला असतो, त्यामुळे कमी वजनात त्याला मोठी ताकद मिळते.

नालीदार कागदाचा पहिला उपयोग मालवाहतुकीसाठी झालेला नाही. इंग्लंडमध्ये १८५६ साली हीली आणि ॲलन यांनी त्याचे एकस्व घेतले ते उंच टोप्यांच्या अस्तरासाठी. पुढे १८७१ साली अमेरिकेत अल्बर्ट जोन्स यांनी काचेच्या बाटल्या आणि दिव्याच्या काचा गुंडाळण्यासाठी असा कागद योजला आणि १८७४ साली ऑलिव्हर लाँग यांनी लाटांच्या कागदाला सपाट कागदाची जोड देऊन त्याच्या लाटा दबून सपाट होण्याचा दोष दूर केला. न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिन येथील रॉबर्ट गेअर यांच्या कारखान्यात कागदी पिशव्यांवर दुमडीच्या रेघा पाडणारी धातूची पट्टी जागेवरून सरकल्याने पिशव्या कापल्या गेल्या. त्या अपघातावरून कापणे आणि दुमडरेघ पाडणे ही दोन्ही कामे एकाच दाबात करता येतील, हे गेअर यांच्या ध्यानात आले आणि १८७९ च्या सुमारास तयार मापाची, सपाट स्वरूपात पाठवता येणारी खोकी मोठ्या प्रमाणावर निघू लागली.

व्यापारात या पुठ्ठ्याची जाडी ‘प्लाय’मध्ये, म्हणजे कागदाच्या थरांच्या संख्येत, सांगितली जाते. तीन प्लायमध्ये दोन सपाट कागद आणि एक लाटांचा थर असतो, पाच प्लायमध्ये तीन सपाट आणि दोन लाटांचे, तर सात प्लायमध्ये चार सपाट आणि तीन लाटांचे थर असतात. लाटांची उंचीही वेगवेगळी असते. सर्वांत बारीक प्रकारांपैकी एका प्रकारात ती सव्वा-दीड मिलिमीटर भरते, तर मोठ्या प्रकारात पाच मिलिमीटरच्या आसपास जाते. घरगुती पेटीसाठी सुमारे तीन मिलिमीटर जाडीचा तीन प्लाय पुठ्ठा सर्वांत सोयीचा ठरतो. पाच प्लाय पुठ्ठा भक्कम असला तरी हाताने कापताना त्याच्या कडा चेपतात आणि लहान पेटीत तो बोजड दिसतो.

या पुठ्ठ्याची ताकद दिशेवर अवलंबून असते. लाटांमुळे आत समांतर नळ्या तयार होतात. या नळ्या उभ्या ठेवल्या तर प्रत्येक नळी खांबासारखी वरचा भार खाली नेते, आणि म्हणूनच थप्पीत रचायच्या खोक्यांच्या भिंतींत नळ्या उभ्याच असतात. त्याच नळ्या आडव्या ठेवल्या तर वरून आलेल्या भाराखाली त्या चपट्या होतात. वाकण्याच्या बाबतीत पुठ्ठा नळ्यांच्या लांबीत ताठ राहतो, परंतु नळ्यांना समांतर रेषेवर सहज मोडतो. यावरून दोन नियम निघतात. पेटीच्या भिंती कापताना नळ्या उभ्या याव्यात. तळ आणि झाकणाचा माथा कापताना नळ्या आयताच्या छोट्या बाजूला समांतर असाव्यात, कारण चारही बाजूंनी आधार मिळालेल्या पाटीवरचा भार मुख्यतः छोट्या अंतरातूनच कडांकडे जातो.

तंतूंची दिशा आणि भिंतींचा बाक

हाताने केलेल्या पेटीत सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे भिंतींना आणि झाकणाला येणारा बाक. सुबक कापलेली पेटी दुसऱ्या दिवशी वेडीवाकडी झालेली दिसते, तेव्हा दोष पुठ्ठ्याला दिला जातो. खरे कारण बहुतेक वेळा कागदाच्या स्वभावात असते.

कागद हा सेल्युलोजच्या बारीक तंतूंचा जाळीदार थर असतो आणि सेल्युलोज हा पदार्थ हवेतील तसेच चिकट द्रव्यातील पाणी चटकन शोषून घेतो. पाणी शोषल्यावर प्रत्येक तंतू लांबीत नाममात्र वाढतो, परंतु जाडीत कित्येक पट अधिक फुगतो. यंत्रावर तयार होणाऱ्या कागदात ओला लगदा धावत्या जाळीवर पडत असल्याने बहुतेक तंतू जाळीच्या गतीच्या दिशेने रेललेले असतात. असे अखंड चालणारे यंत्र फ्रान्समध्ये लुई-निकोला रोबेर यांनी १७९९ साली प्रथम योजले. हातकागदात साचा पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे असा हलवला जात असल्याने तंतू सर्व दिशांना विखुरतात आणि दिशेचा परिणाम बराच कमी होतो. परिणामी यंत्राचा कागद ओला झाल्यावर तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक पसरतो आणि वाळताना त्याच दिशेने अधिक आकसतो. पसरलेल्या अवस्थेत पुठ्ठ्यावर चिकटलेला कागद आकसताना पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो, आणि ही ओढ एकाच बाजूने असली की पुठ्ठा वाकतो.

कागदाच्या तंतूंची दिशा ओळखण्याची रीत सोपी आहे. कागद एका दिशेने फाडला तर सरळ फाटतो आणि दुसऱ्या दिशेने वेडावाकडा. तो ज्या दिशेने सरळ फाटतो तीच तंतूंची दिशा असते. कागदाचा चौकोनी तुकडा एका बाजूने ओला केला तर तो नळीसारखा गुंडाळतो, आणि त्या नळीची लांबी तंतूंना समांतर असते.

बाक टाळण्याचे दोन उपाय आहेत. पहिला उपाय संतुलनाचा : पुठ्ठ्याच्या बाहेरून कागद किंवा कापड लावले, तर आतूनही तेवढ्याच ओढीचे अस्तर लावावे, म्हणजे दोन्ही ओढी एकमेकींना तोलतात. दुसरा उपाय दिशेचा : नालीदार पुठ्ठ्यावर आवरणाचा कागद अशा रीतीने लावावा, की त्याचे तंतू पुठ्ठ्याच्या नळ्यांना काटकोनात येतील. अशा मांडणीत कागदाची मोठी ओढ नळ्यांच्या लांबीत पडते, आणि त्या दिशेने पुठ्ठा सर्वांत ताठ असल्याने ती सहन करतो. कारखान्यात पुठ्ठा तयार होताना सपाट कागद यंत्रातून ज्या दिशेने धावतो, तिला काटकोनात लाटा पाडल्या जातात, त्यामुळे मूळ पुठ्ठ्यातही हीच मांडणी असते. घरी पेटी करणाऱ्याने ती पुढे चालवणे एवढेच अपेक्षित आहे. भरीव राखाडी पुठ्ठ्यासाठी मात्र पुस्तकबांधणीचा नियम लागू होतो आणि पुठ्ठा व कागद यांचे तंतू समांतर ठेवले जातात.

मापांचा हिशेब

पेटीचे माप आत ठेवायच्या वस्तूपासून सुरू व्हावे लागते. उदाहरण म्हणून आतून २४ सेंमी लांब, १६ सेंमी रुंद आणि १० सेंमी उंच अशी बांगड्यांची पेटी घेता येईल. पुठ्ठ्याची जाडी ३ मिमी, म्हणजे ०.३ सेंमी धरली, तर तळाचा तुकडा आतील मापाइतकाच, म्हणजे २४ × १६ सेंमी कापला जातो. भिंती या तळाला बाहेरून टेकून उभ्या राहतात, म्हणून त्यांच्या उंचीत तळाची जाडी मिळवावी लागते आणि ती १०.३ सेंमी होते. छोट्या भिंती १६ सेंमी लांबीच्या राहतात. लांब भिंती छोट्या भिंतींच्या कडा झाकत असल्याने त्यांच्या लांबीत दोन्ही टोकांना एकेक जाडी मिळवून ती २४.६ सेंमी धरली जाते. जाडीचा हा हिशेब विसरला, की पेटीचे कोपरे उघडे राहतात किंवा तळ आत बसत नाही.

झाकणाचे माप पेटीवर आवरण चढवून ती पूर्ण वाळल्यावरच काढावे. उदाहरणातील पेटी बाहेरून २४.६ × १६.६ सेंमी भरते आणि आवरणामुळे ती सुमारे एक मिलिमीटरने वाढते. झाकण सहज उघडण्यासाठी आणखी तीन मिलिमीटरची सूट ठेवली, तर झाकणाच्या माथ्याचा तुकडा २५ × १७ सेंमी येतो. त्याभोवतीच्या लांब भिंती २५.६ सेंमी, छोट्या भिंती १७ सेंमी आणि आतील खोली ४ सेंमी हवी असल्यास सर्व भिंतींची उंची ४.३ सेंमी धरली जाते. झाकणाला आतून जाड कापडाचे अस्तर लावायचे असेल, तर ही सूट वाढवावी लागते.

आत तीन कप्पे करायचे असल्यास दोन आडभिंतींची मिळून ०.६ सेंमी जाडी २४ सेंमीतून वजा करून उरलेल्या २३.४ सेंमीचे तीन भाग केले जातात, आणि प्रत्येक कप्पा ७.८ सेंमीचा येतो. मोठ्या माणसांच्या नेहमीच्या मापाच्या बांगड्या त्यात आडव्या रचता येतात. आडभिंतींची लांबी पेटीच्या रुंदीपेक्षा एक मिलिमीटर कमी ठेवली, की त्या भिंतींना बाहेर न ढकलता आत बसतात.

कापणी आणि जोडणी

कापणीसाठी धारदार कटर, पोलादी पट्टी, गुण्या आणि खाली ठेवायला जाड पुठ्ठा एवढी साधने पुरतात. पुठ्ठा एकाच जोरदार फटक्यात कापण्याचा प्रयत्न केला, तर नळ्या चेपतात आणि कड तिरकी येते. त्याऐवजी पहिल्या हलक्या हाताने वरचा कागद, दुसऱ्याने लाटांचा थर आणि तिसऱ्याने खालचा कागद असे तीन टप्पे घेतल्यास कड उभी व स्वच्छ येते. बोथट पाते पुठ्ठा कापण्याऐवजी फाडते, म्हणून पात्याचे टोक वेळोवेळी मोडून नवे करावे लागते. मुले काम करत असतील, तर कापणी मोठ्यांनी करावी आणि मापन, चिकटवणी व सजावट मुलांकडे सोपवावी.

तळ खरोखर काटकोनी आहे की नाही हे कर्णांवरून कळते. आयताचे दोन्ही कर्ण समान असतात, आणि २४ × १६ सेंमीच्या तळाचा प्रत्येक कर्ण सुमारे २८.८ सेंमी भरला पाहिजे. कर्णांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक असेल, तर तो तळावर जाणवत नाही, पण झाकण बसवताना एका कोपऱ्यात अडतो. दुरुस्ती तळावरच करणे म्हणूनच हिताचे असते.

जोडणीत भिंतींच्या कडांना चिकट द्रव्य लावून त्या तळाभोवती उभ्या केल्या जातात आणि सुकेपर्यंत सुताने किंवा कागदी टेपने बांधून ठेवल्या जातात. नळ्या उभ्या असलेल्या भिंतींच्या वरच्या कडेला नळ्यांची तोंडे उघडी दिसतात. त्यांवर पातळ कागदाची पट्टी चिकटवली, तर कड गुळगुळीत होते आणि झुरळांना किंवा कसरीला आत शिरायला जागा राहत नाही. उभ्या कोपऱ्यांवर आतून-बाहेरून सुमारे तीन सेंटिमीटर रुंदीच्या जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या चिकटवल्या, की कोपऱ्यावर येणारा ताण कापड घेते. जुन्या पुस्तकबांधणीत कण्याला जे कापड लावले जाते, त्याचे कार्यही हेच असते.

खळ, चिंचोके आणि फेविकॉल

महाराष्ट्रातील बाइंडर पिढ्यान्‌पिढ्या मैद्याची खळ वापरत आले आहेत. एक भाग मैदा पाच ते सहा भाग थंड पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवून मंद आचेवर सतत ढवळला, की साधारण साठ अंश सेल्सिअसच्या पुढे गव्हातील स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात, फुटतात आणि मिश्रण दाट व अर्धपारदर्शक होते. खळीचा मोठा गुण असा, की ती सावकाश वाळते, त्यामुळे लावलेला कागद सरकवून जागेवर आणता येतो आणि पुढे पाण्याने ओलावून सोडवताही येतो. तिचा दोष असा, की स्टार्च हे कसर, झुरळे व बुरशी यांचे खाद्य आहे. यावर उपाय म्हणून बाइंडर खळीत थोडा मोरचूद, म्हणजे तांब्याचे सल्फेट, घालत. मोरचूद विषारी असल्याने घरात, विशेषतः मुलांच्या हाती, ही खळ देऊ नये. त्यापेक्षा दिवसापुरतीच ताजी खळ करणे श्रेयस्कर ठरते.

चिंचोक्यांची खळ हा दुसरा देशी पर्याय आहे. चिंचोके भाजून, सोलून, भिजवून वाटले आणि ते वाटण शिजवले, की चिवट द्रव्य मिळते. गंजिफेच्या पत्त्यांसाठी कापडाचे किंवा कागदाचे थर एकत्र आणण्याकरिता त्याचा उपयोग परंपरेने होत आला आहे. तिसरे द्रव्य म्हणजे पांढरा गोंद. पॉलिव्हिनिल ॲसिटेट या कृत्रिम पदार्थाचे सूक्ष्म कण पाण्यात पसरलेले असतात, आणि पाणी उडाले की ते एकमेकांत मिसळून घट्ट पटल होते. भारतात १९५९ पासून फेविकॉल या नावाने तो घरोघरी पोहोचला. पुठ्ठ्याच्या कडा जोडण्यासाठी पांढरा गोंद आणि मोठ्या पृष्ठभागावर कागद लावण्यासाठी खळ, किंवा दोन्हींचे मिश्रण, अशी विभागणी केल्यास प्रत्येकाचा गुण उपयोगी पडतो. कोणतेही द्रव्य वापरले तरी ते पातळ थरात आणि मध्यापासून कडांकडे पसरवावे, कारण अधिक द्रव्य म्हणजे अधिक पाणी आणि अधिक पाणी म्हणजे अधिक बाक.

आवरण आणि अस्तर

आवरणासाठी एकच लांब पट्टी घ्यायची झाल्यास पेटीचा बाहेरील घेर, म्हणजे २४.६ आणि १६.६ यांच्या बेरजेची दुप्पट ८२.४ सेंमी, त्यात दीड सेंटिमीटरचा चढ मिळवून सुमारे ८४ सेंमी लांबी लागते. रुंदीत भिंतीची उंची, तळाखाली वळवायचा दीड सेंटिमीटर आणि वरून आत वळवायचा भाग धरून साडेतेरा सेंटिमीटर पुरतात. पट्टीचा सांधा मागच्या बाजूच्या कोपऱ्याजवळ घ्यावा, म्हणजे तो नजरेत येत नाही. तळाखाली वळवताना कोपऱ्यांत कागद दुणावतो, म्हणून तेथे त्रिकोणी तुकडा कापून काढावा लागतो, मात्र काप कोपऱ्याच्या टोकापर्यंत न नेता पुठ्ठ्याच्या जाडीच्या दीडपट अंतर सोडावे. ते न सोडल्यास कोपऱ्यात पुठ्ठा उघडा पडतो.

कापड वापरायचे असेल, तर गोंद कापडाला न लावता पुठ्ठ्याला लावावा आणि तो किंचित चिकट होईपर्यंत थांबावे, म्हणजे ओल कापडाच्या दर्शनी बाजूला फुटून डाग पडत नाहीत. रेशमी किंवा विरळ विणीच्या कापडामागे आधी खळीने पातळ कागद लावून ते पूर्ण वाळवून घेणे हा पुस्तकबांधणीतला जुना उपाय आहे. सांगली-मिरज भागाला कर्नाटकाची सीमा जवळ असल्याने इरकली साड्यांचे काठ आणि गुळेदगुड्ड येथील खणाचे तुकडे घरोघरी सापडतात. खणाची वीण घट्ट आणि नक्षी बारीक असल्याने लहान पेटीवर ती प्रमाणात दिसते.

आतील अस्तर बाहेरील आवरणानंतर लावले जाते आणि त्याचा प्रत्येक तुकडा आतील मापापेक्षा एक-दोन मिलिमीटर लहान कापला जातो. पत्रे किंवा छायाचित्रे ठेवायची असतील, तर अस्तराच्या निवडीला विशेष महत्त्व येते. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातील लिग्निन राहिलेले असते, ते हवेने व उजेडाने पिवळे पडते आणि त्यातून निर्माण होणारी आम्ले लगतच्या कागदालाही ठिसूळ करतात. कापसाच्या चिंध्यांपासून केलेल्या हातकागदात हे लिग्निन जवळजवळ नसते. पुण्यातील हातकागद संस्था १९४० सालापासून असा कागद तयार करत आली असून, गांधीजींच्या ग्रामोद्योग चळवळीतून तिला प्रेरणा मिळाली होती. त्याही आधी जुन्नर आणि दौलताबाद येथील हातकागदावर मराठी राज्याचा पत्रव्यवहार चालत होता, आणि ते कागद कापडी रुमालांत बांधलेल्या अवस्थेत आजही पुण्याच्या पेशवे दप्तरात वाचता येतात. चांगला कागद आणि कोरडी, हवा खेळती राहणारी बांधणी यांचा मेळ बसला, तर लिखित वस्तू शतके टिकते याचा हा स्पष्ट पुरावा आहे.

आवरण आणि अस्तर लावून झाल्यावर पेटीचे सपाट भाग वजनाखाली दाबून रात्रभर वाळवावेत. उन्हात ठेवून वाळवण्याची घाई केल्यास एक बाजू आधी आकसते आणि संतुलनासाठी केलेले सारे श्रम वाया जातात.

अलंकरणाची शिस्त

महाराष्ट्रातील एलिमेंट्री आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या शासकीय परीक्षांत संकल्पचित्र हा विषय असतो. दिलेल्या आकारात ठरावीक घटक लयबद्ध रीतीने मांडणे हे त्यात शिकवले जाते, आणि पेटीच्या सजावटीला याच शिक्षणाचा थेट उपयोग होतो. झाकणाचा माथा हे मुख्य क्षेत्र, भिंती हे दुय्यम क्षेत्र आणि कडा ही चौकट असे तीन भाग मानून प्रत्येक भागाला वेगळे काम दिले, तर पेटी गजबजलेली दिसत नाही. माथ्यावर एकच ठसठशीत आकृती, भिंतींवर तिच्यातूनच घेतलेला छोटा पुनरावृत्त घटक आणि कडेला एकरंगी पट्टी ही मांडणी बहुतेक वेळा यशस्वी होते.

नक्षीसाठी बाहेर जाण्याची गरज नाही. ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपक्यांची चौकट आधीच मापात बसवलेली असते, त्यामुळे २५ × १७ सेंमीच्या माथ्यावर एक सेंटिमीटरच्या अंतराने ठिपके मांडून तीच नक्षी उतरवता येते. पैठणीच्या काठातील मोर व आसावलीची वेल भिंतीच्या आडव्या पट्ट्यांना शोभते. वारली चित्रातील त्रिकोणांनी बनलेल्या आकृत्या गेरूच्या रंगावर पांढऱ्या रंगाने काढल्यास लांबूनही स्पष्ट दिसतात. त्या ज्या समाजाच्या घरांच्या भिंतींवर विवाहप्रसंगी काढल्या जातात, त्या वारली समाजाचे श्रेय अशा वस्तूवर किंवा ती भेट देताना नमूद करणे उचित होय. टिकल्या, आरसे आणि मणी लावायचे असल्यास ते झाकणाच्या भिंतींवर न लावता माथ्यावरच लावावेत, कारण झाकण उघडताना बोटे भिंतींवरच पडतात आणि तेथील जड सजावट लवकर सुटते.

हवामान, कीड आणि निगा

सांगलीचा उन्हाळा कडक व कोरडा, तर पावसाळा दमट असतो. उन्हाळ्यात केलेली पेटी पावसाळ्यात ओल शोषून फुगते आणि झाकण घट्ट होते, तर पावसाळ्यात केलेली पेटी उन्हाळ्यात आकसून झाकण सैल पडते. आधी सांगितलेली झाकणाची सूट याच कारणाने महत्त्वाची ठरते. पावसाळ्यात ओलीच्या भिंतीला टेकून पेटी ठेवू नये आणि तिच्याखाली लाकडी पट्ट्या ठेवून हवा खेळती राहू द्यावी. कृष्णेच्या २००५, २०१९ आणि २०२१ सालच्या पुरांनी सांगलीतील असंख्य घरांतील कागदपत्रे भिजवली. पुठ्ठ्याची पेटी पुरापासून काहीही वाचवू शकत नाही, म्हणून महत्त्वाची कागदपत्रे पाणी न शिरणाऱ्या वेष्टनात घालून उंचावर ठेवणे आणि पेटी दैनंदिन वापराच्या वस्तूंसाठी राखणे हेच शहाणपणाचे आहे. कसरीसाठी वाळलेला कडुलिंबाचा पाला किंवा लवंगा कापडी पुरचुंडीत बांधून ठेवण्याची घरगुती रीत आहे. डांबरगोळी ठेवायची झाल्यास ती मुलांच्या हाती लागणार नाही, याची खबरदारी घ्यावी लागते.

हाताच्या कामाचे शिक्षणमूल्य

वर्ध्यात १९३७ साली भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची योजना पुढे आली. तिच्या अंमलात मुंबई प्रांतातील शाळांत सूतकताई व विणकाम, बागकाम व शेती यांच्या बरोबरीने कागदकाम, त्यातून पुठ्ठेकाम आणि त्यातून सुतारकाम अशी एक वाटही ठेवली गेली. या क्रमामागे खोल विचार होता. कागद दुमडताना मूल रेषा आणि कोन शिकते, पुठ्ठ्यात त्याला जाडीची जाणीव होते आणि लाकडात जाडीबरोबर रेषांची, म्हणजे तंतूंची, दिशा सांभाळावी लागते. पुठ्ठेकाम ही या वाटेवरची मधली आणि सर्वांत स्वस्त पायरी आहे, कारण तिच्यासाठी लागणारे साहित्य रद्दीतच मिळते आणि चुकलेला तुकडा पुन्हा कापण्याचा खर्च जवळजवळ नसतो.

आजच्या शाळांत कार्यानुभवाच्या तासाला पेटी केली जाते, तेव्हा बहुतेक वेळ चकाकत्या कागदावर आणि टिकल्यांवर खर्च होतो, आणि जाडी मिळवणे, कर्ण मोजणे, तंतूंची दिशा पाहणे ही खरी शिकण्याची पायरी वगळली जाते. तोच तास थोडा वेगळ्या क्रमाने घेतला, तर पायथागोरसचे प्रमेय, सेल्युलोजचे गुणधर्म आणि पुनर्वापराचा संस्कार हे तिन्ही एका वस्तूतून शिकवता येतात. बाजारातून उतरलेले बेदाण्याचे रिकामे खोके, घरातील मैदा, खणाचा उरलेला तुकडा आणि शाळेच्या कंपासपेटीतील गुण्या एवढ्या भांडवलावर विश्रामबागेतील किंवा महाराष्ट्रातील कोणत्याही गावातील विद्यार्थी हे शिक्षण घेऊ शकतो. जो एक पेटी नीट घडवतो, त्याला फाटलेल्या पुस्तकाची बांधणी, मोडलेल्या फायलीची दुरुस्ती आणि घरातील इतर शेकडो वस्तूंची डागडुजी करण्याची पात्रता येते, आणि वस्तू टाकून देण्यापूर्वी ती दुरुस्त होईल का हे तपासण्याची सवय लागते. पुठ्ठेकामाला शाळेच्या वेळापत्रकात गंभीरपणे जागा देण्यास एवढे कारण पुरेसे आहे.